पावसामुळे कॉलेज बंद

फुजैरा
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. पर्णिका,

खूप आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत आणि तूही बरी असशील असं धरून लिहायला बसले आहे. दिवाळीच्या फराळाचं पार्सल उद्या कुरिअरला द्यायचंय, त्यात हे पत्र घालते. चकली, शेव आणि बेसनाचे लाडू आहेत. चिवडा वेगळ्या डब्यात आहे. तुमच्याकडच्या दमट हवेत तो लगेच मऊ पडेल, म्हणून आधी तो संपव.

पत्र कशाला, फोन आहे की, असं तुला वाटेल. मी व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी 'जेवलीस का' एवढंच पाठवलं. तू अंगठा पाठवलास.

इथला उकाडा आता उतरलाय. संध्याकाळी समुद्रकाठी कॉर्निशवर चालता येतं. दर्शनची बारावीची तयारी चालू आहे, म्हणजे तुझ्या भावाच्या खोलीचं दार बंद असतं. आम्ही तुझ्याकडून, सेंट लुसियाहून परत आलो त्या दिवशी त्याने विचारलं, "सो, हाऊ वॉज द बीच?" मी म्हटलं, बीच खिडकीतून पाहिला. "देन व्हॉट डिड यू गाईज डू फॉर सिक्स डेज?" मी सांगितलं, कपडे वाळवले.

खरंच, दुसरं काय केलं गं आपण? बाबांनी एक्सेलमध्ये दिवसवार आखणी केली होती. गुरुवारी बोट, शुक्रवारी गरम पाण्याचे झरे, शनिवारी पोहणं. पहिल्या दिवशी पाऊस लागला तेव्हा त्यांनी सगळ्या रकान्यांच्या तारखा एकेक दिवस पुढे ढकलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढकलल्या. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "खलास. पत्ते काढ." मग आपण पाच-तीन-दोन खेळलो. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात हुकूम कुठला ते ऐकूच यायचं नाही, म्हणून बाबा बोटांनी खुणा करायचे आणि तू त्यांना चिडवायचीस, "बाबा, हे सिग्नल तुमच्या बंदरातल्या टर्मिनलवर चालतात, इथे नाही." तुझे मोजे मी हेअर ड्रायरने वाळवले. खिचडी चार वेळा झाली. रोज संध्याकाळी एवढं सलग तुझ्याजवळ मी कितीतरी वर्षांत बसले नव्हते. सुट्टी वाया गेली असं बाबा सगळ्यांना सांगतात. मला तसं म्हणता येत नाही. पण चांगली गेली असंही म्हणता येत नाही.

आता मुद्द्यावर येते. चहा करून आले, दुसऱ्यांदा.

विमानतळावर तू म्हणालीस, "पावसामुळे कॉलेज बंद आहे, आठवडाभर." आम्हाला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. आपण कुठे राहतो बघ ना. इथे ढग भरून आले तरी शाळेचा मेसेज येतो, उद्या वर्ग ऑनलाइन. पंचवीस वर्षांत आमच्या डोक्यात तेच बसलंय, की पाऊस म्हणजे सुट्टी. बाबा तर म्हणाले, "बरोबर आहे, सेफ्टी फर्स्ट." दुसऱ्या दिवसापासून तू सकाळी आठला 'लायब्ररीत जाते' म्हणून निघायचीस आणि तीनला यायचीस. कॉलेज बंद आणि लायब्ररी उघडी कशी, हेही आम्ही विचारलं नाही. पावसात भिजत जाते पोरगी अभ्यासाला, एवढंच मी बाबांना म्हणाले. ते खूश झाले.

आपण उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई, मिस फिलोमीन, दुसऱ्या दिवशी दुपारी टॉवेल द्यायला आल्या. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, की पावसाने मुलांच्या कॉलेजचं नुकसान होतंय. त्यांना आधी कळेचना मी काय म्हणतेय. मग खूप हसल्या. पावसासाठी बंद ठेवायचं म्हटलं तर आमच्याकडे अर्धं वर्ष काहीच उघडणार नाही, म्हणाल्या. आणि त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. खालच्या थांब्यावर मिनीबसमधून मेडिकलची मुलंमुली उतरत होती. पांढरे कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेले. दोघं तर आपल्याकडचीच दिसत होती. मी प्रत्येक चेहरा पाहिला. बस गेली.

मी बाबांना काही बोलले नाही. मला वाटलं, तुझ्याच वर्गाला सुट्टी असेल. असं होऊ शकतं का, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं, की शेवटी ते होऊ शकतं असं मला वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी दही आणायला म्हणून छत्री घेऊन बाहेर पडले. दही कुठे मिळतं ते मला माहीत नव्हतं. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, जिथे शिडाच्या बोटी लागतात, तिथे एक लांबलचक शेड आहे. ते तुला मी कशाला सांगतेय. दार सताड उघडं होतं. आत जमिनीभर एक अवाढव्य पांढरं शीड पसरलेलं आणि त्याच्या मधोमध तू गुडघ्यांवर बसलेली. एक वयस्क बाई कापड ओढून धरत होती आणि तू मशीनखालून ते सरकवत होतीस. ती काहीतरी म्हणाली. तू मान मागे टाकून हसलीस.

मी रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यात उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. छत्री उघडीच होती, छताखालीसुद्धा. आत यावं असं वाटलं नाही असं नाही. पण मी दारात आले की तुझं ते हसणं थांबेल हे मला दिसत होतं, आणि आपण आलो की आपल्या मुलीचं हसणं थांबतं हे पाहायची माझी तयारी नव्हती. म्हणून परत फिरले. दही मिळालं नाही असं सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी तुझ्या बोटांकडे पाहिलं. टोचल्याच्या खुणा होत्या. मी मुद्दाम विचारलं. तू म्हणालीस, "सूचर प्रॅक्टिस, आई. टाके घालायला शिकतोय." बाबांनी तुझा हात हातात घेऊन पाहिला आणि इथल्या आपल्या डॉक्टर स्मितांना तिथल्या तिथे व्हॉईस मेसेज पाठवला, की आमची पर्णिका टाके घालते. तू ताटात बघत होतीस. मीही.

पनू, मला राग आलाय का, ते मला कळत नाही. सकाळी येतो, दुपारी ओसरतो. खोटं बोललीस याचा येतो, आणि मग आठवतं, की मी तरी काय केलं? परत आल्यावर डॉ. स्मितांनी क्लिनिकमध्ये विचारलं, कुठल्या सेमिस्टरला आहे, आणि मी जराही न अडखळता 'चौथ्या' असं सांगून टाकलं. आता हे खोटं एकट्या तुझं राहिलेलं नाही.

कॉलेज कधी सोडलंस? मार्चनंतर तू परीक्षेचं नाव काढलं नाहीस, तेव्हापासून का? तुला जमलं नाही, की आवडलं नाही, की तिथे कोणी काही बोललं? बारावीत तू मेडिकलला हो म्हणालीस तेव्हा तुला आम्ही विचारलं होतं, की नुसतं सांगितलं होतं? मी आठवून बघते. मला आठवतं, की आपण तिघं गाडीत होतो आणि बाबा बोलत होते. तू काय म्हणालीस ते आठवत नाही.

आता का लिहितेय, ते सांगते. डिसेंबरात तू येणार म्हणून बाबांनी डॉ. स्मितांच्या क्लिनिकमध्ये तुझा महिना ठरवलाय. त्यांच्या शेजारी बसून पेशंट बघायचे. त्यासाठी कॉलेजचं पत्र लागतं, पंचवीस तारखेपर्यंत. बाबा तुला दोनदा बोलले, तू 'इन्शाल्ला' म्हणून विषय बदललास. परवा ते म्हणाले, "तिला वेळ नसेल तर मीच कॉलेजला मेल टाकतो." मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. किती दिवस मिळाले ते तू मोज.

त्यांना माहीत आहे का, याचा मला अंदाज येत नाही. पाचव्या दिवशी ते बोटीची चौकशी करायला म्हणून एकटेच बाहेर गेले होते, आठवतं? दोन तासांनी चिंब होऊन आले. बोटी बंद आहेत, म्हणाले. कुठल्या रस्त्याने गेले ते मी विचारलं नाही. माहीत असेल तर मग हे कॉलेजच्या पत्राचं का लावून धरलंय? तू स्वतःहून सांगावंस म्हणून? आणि माहीत नसेल तर त्या रात्री पत्ते काढू का विचारल्यावर ते नको का म्हणाले? मी रोज एकदा ठरवते, की त्यांना माहीत आहे, आणि रोज एकदा ठरवते, की नाही.

मी त्यांना सांगणार नाही. मी सांगितलं तर ती माझी चहाडी होईल आणि तू पुन्हा ताटात बघशील. पण यापुढे तुझ्यासाठी कोणाला सेमिस्टरही सांगणार नाही. गुरुवारी त्यांना सुट्टी असते. आमची सकाळ म्हणजे तुमची आदली रात्र. तेव्हा फोन कर. काय सोडलंस ते आधी सांगू नकोस, काय करतेस ते आधी सांग. ते कापड कुठून येतं, एक शीड शिवायला किती दिवस लागतात, ती बाई कोण. त्यांना कामाचं सांगितलेलं कळतं. मग ते ओरडतील. ओरडू दे. फीचं विचारतील, खरं उत्तर दे. मी तिथेच बसलेली असेन.

एवढं लिहून झालं आणि बाबा ड्यूटीवरून आले. मी वरचे कागद उलटे करून ठेवले. म्हणाले, "पर्णिकाला का? दे, दोन ओळी मीही लिहितो." बूटही न काढता खुर्चीवर बसले. तुला माहीत आहे, तुला अ‍ॅडमिशन मिळाल्यापासून ते तुझं नाव 'डॉ. पर्णिका' असंच लिहितात, वाढदिवसाच्या केकवरसुद्धा. आज त्यांनी 'प्रिय पर्णिका' एवढंच लिहिलं. स्वल्पविराम दिला. मग कितीतरी वेळ पेन धरून बसले. शेवटी पेन मला परत देत म्हणाले, "काय लिहायचं ते सुचत नाही. तू लिहिलंयस ना सगळं?"

मी हो म्हटलं.

'डॉ.' विसरून राहिलं की गाळलं, मला कळलं नाही. त्यांचा तो कागद जोडते आहे. स्वल्पविरामाच्या पुढची जागा मी भरलेली नाही, ती माझी नाही.

वाट पाहणारी,
तुझी आई
(आणि तुझे बाबा, मागच्या कागदावर)