चौथ्या खांबाचा दावा

२ मार्च, सकाळी ९

पहाटे सहाला हिला चक्कर आली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. ॲम्ब्युलन्स बोलावली, दहा मिनिटांत आली. इथवर सगळं व्यवस्थित. पण हिला आत ठेवून निघताना ड्रायव्हरने गाडी मागे घेतली ती थेट आमच्या कुंपणावर. चौथा खांब मुळासकट आडवा. पाचवा कलला. तारा तुटल्या.

पस्तीस वर्षं ऑफिसात फायली हाताळल्या, त्याचा फायदा असा की डोकं शांत राहिलं. गाडीसमोर उभा राहिलो. बारा फोटो काढले, टेपने मापं घेतली, ड्रायव्हरकडून लेखी घेतलं. नंतर देतो, नंतर देतो म्हणत होता. नंतर म्हणणारे नंतर सापडत नाहीत. सही घेऊनच सोडला.

हिच्यासोबत गाडीतला मदतनीस होता. मीही जाणार होतो, पण घटनास्थळ उघडं टाकणं बरं नव्हे. लेकीला फोन केला, ती परस्पर हॉस्पिटलात पोचते आहे.

संध्याकाळी ५

लेकीचा फोन. मेंदूत गुठळी आहे, डॉक्टर म्हणाले की अशा वेळी मिनिटामिनिटाला महत्त्व असतं. मी म्हटलं, कायद्यातही तसंच असतं. फोन कट झाला. रेंज गेली असावी.

३ मार्च

पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने विचारलं, कोणी जखमी? म्हटलं, दोन खांब. त्याने पेन खाली ठेवलं आणि वकिलाकडे जा म्हणाला.

वकिलांकडे गेलो. रस्ते तीन. आधी गाडीच्या मालकाला, म्हणजे हॉस्पिटलला, नोटीस. मग विमा कंपनीकडे क्लेम. तरी नाही ऐकलं तर दिवाणी कोर्ट. वर म्हणाले, काका, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. हलवायाने मिठाई खाऊ नका म्हणावं, तशातला प्रकार. निकालापर्यंत कुंपणाला हात लावायचा नाही, पुरावा आहे, हे मीच त्यांना समजावलं.

हॉस्पिटलला जायचं राहिलं. भेटायची वेळ चार ते पाच, वकील साडेचारला. उद्या नक्की.

४ मार्च

गेलो. आयसीयूच्या दारातल्या काचेतून पाहिलं. नळ्याच नळ्या. दोन मिनिटं थांबलो. मग खाली ऑफिसात जाऊन गाडी कोणाच्या नावावर आहे ते विचारून घेतलं. वेळ सत्कारणी लागला.

जिन्यात तोच ड्रायव्हर भेटला. मावशी कशा आहेत, बोलल्या का, असं विचारायला लागला. गोड बोलून तक्रारदाराला गुंडाळायचे हे जुने धंदे. मी ओळखून आहे. तसाच पुढे निघालो.

५ मार्च

संकल्प: रोज एक तास हिच्याजवळ बसायचं. उद्यापासून. आज नोटिशीचा मसुदा तपासला. वकिलांच्या टायपिंगमध्ये अकरा चुका.

७ मार्च

नोटीस तयार. सोबत बारा फोटो, प्रत्येकावर वेळ छापलेली, ६.१८ ते ६.३५. वकील बराच वेळ फोटो बघत राहिले. मग विचारलं, या वेळात काकू कुठे होत्या? म्हटलं, गाडीत. त्यांनी सुचवलं, फोटो नकोच जोडायला. वेळ तरी खोडून टाकू. मी ठाम नकार दिला. वेळेशिवाय पुराव्याला काय किंमत? स्वतःच पोस्टात टाकून आलो.

हिच्याजवळ बसायचा संकल्प सोमवारपासून.

१२ मार्च

लेक आली होती, आईचे कपडे न्यायला. हिला वॉर्डात हलवलंय. वाचा गेली. उजवी बाजू गेली. डॉक्टर लेकीला सारखं विचारतात म्हणे, गाडी तर लगेच आली होती, मग उशीर कुठे झाला.

टेबलावरची फाइल मीच तिच्या हातात दिली. वाटलं, बापाची मेहनत दिसेल. ती सातव्या फोटोशी थांबली. खांबामागे गाडीची खिडकी आली आहे, आणि काचेवर आतून टेकलेला हिचा डावा हात. हा फोटो मी वीस वेळा तरी पाहिला असेल, पण खांबासाठी. लेक हळूच म्हणाली, बाबा, आई काच वाजवत होती. मी म्हटलं, बाहेर काही ऐकू आलं नाही. खरंच आलं नव्हतं, असं वाटतं.

कपडे घेऊन गेली. चहा ठेवला होता, तो तसाच.

१९ मार्च

जिंकलो. हॉस्पिटलचं पत्र आलं, नुकसान पूर्ण मान्य. उद्या त्यांचा गवंडी खांब आणि तार घेऊन येतो आहे. वाद नाही, उलट प्रश्न नाही. सोबत ड्रायव्हरच्या वहीतल्या नोंदीची प्रत. पोचलो ६.१०. निघालो ६.३८. उशिराचं कारण या रकान्यात फक्त ‘पेशंटचे मिस्टर’.

वकिलांना फोन केला, अब्रुनुकसानीचा दावा लागेल का? म्हणाले, काका, माझी फी देऊ नका, पण आता फोनही करू नका.

तरुण माणसांत चिकाटी नसते.

२१ मार्च, दुपारी ३

कुंपण झालं. खांब ओळंब्यात, तारा ताठ. नाव ठेवायला जागा नाही.

सकाळी हिला हॉस्पिटलातून सोडलं. लेकीने तिला वॉर्डातच विचारलं, बाबांकडे जायचं का, हो असेल तर माझा हात दाब. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. हिने दाबला नाही. मी म्हटलं, कळलं नसेल, परत विचार. लेकीने परत विचारलं. हिने हात सोडवून घेतला आणि पांघरुणात ठेवला. लेक तिला तिच्या घरी घेऊन गेली.

वकिलांना सांगितलं नाही ते इथे लिहितो. कोणी वाचणार नाही. त्या पहाटे हिला गाडीत चढवताना हिने माझ्याकडे पाहिलं. वाकडं तोंड, ओघळणारी लाळ, आणि डोळे मात्र नेहमीचेच. काहीतरी म्हणत होती, शब्द होत नव्हता. मी तिच्याशेजारी बसायला हवं होतं. मला भीती वाटली. जन्मात वाटली नव्हती एवढी. तेवढ्यात खांब पडला, आणि मला बरं वाटलं, कारण त्याचं काय करायचं ते मला माहीत होतं.