बाईसाहेबांचं वजन

६ मार्च, सकाळचे सव्वासहा

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कॉर्न स्नेकच्या, म्हणजे बाईसाहेबांच्या, पेटीची काच पुसून झाली आणि लिहायला बसलो. अग्निशमनाच्या प्रशिक्षणाला गेल्यावर फोन काढून घेतात, हे तू आधी सांगितलं असतंस तर मी सापाला हो म्हणालो नसतो. पत्र पोचायला चार दिवस, उत्तराला आणखी चार.

रविवारी उंदीर दिला. फ्रीजरमधून काढून, पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून, चिमट्यानं धरून, सगळं तू दाखवलंस तसंच. बाईसाहेबांनी डोक्याकडून गिळला. सोमवारी रात्री तो अर्धवट पचलेला बाहेर आला. वास असा की आई तासभर गॅलरीत उभी होती. पोट रिकामं राहिलं म्हणून मंगळवारी दुसरा दिला. काल तोही बाहेर.

वजन उतरलं तर कळव, असं तू झाकणावरच्या चिठ्ठीत लिहिलं आहेस. म्हणून तू गेल्यापासून रोज साडेसातला, आपलं खालचं दुकान बंद करताना, तिला कापडी पिशवीतून खाली नेतो आणि पार्सलच्या काट्यावर ठेवतो. एकही दिवस चुकवलेला नाही. चारशे बारा ग्रॅम होती, आता तीनशे नव्वद. काटा तपासला, बरोबर आहे. आई म्हणते, तिच्या गुडघ्यांची चौकशी मी अशी कधी केली नाही.

काय करू ते लगेच कळव.

तुझा धाकटा

१० मार्च

चि. काळजीवाहू सरकार यांस,
अनेक आशीर्वाद.

इथे पहाटे खांद्यावर शिडी देऊन पळवतात. तुझं पत्र जेवणाच्या रांगेत वाचलं आणि ताट हातात तसंच राहिलं.

अरे शहाण्या, रोज वजन? मला महिन्यातून एकदा म्हणायचं होतं. चिठ्ठीत तेवढंच लिहायचं राहिलं, तो दोष माझा. खाल्ल्यावर निदान दोन दिवस सापाला उचलायचं नसतं. तू तर तिला भरल्या पोटी जिन्यावरून हलवत नेऊन गार काट्यावर ठेवलंस. ती उलटी करणार नाही तर काय करेल?

आता दोनदा वाच. पंधरा दिवस खायला काही द्यायचं नाही. पाणी आणि ऊब, बस्स. उचलायचं नाही, मोजायचं नाही, थोपटायचं नाही. तिसऱ्यांदा उलटी झाली तर ती बहुतेक सावरणार नाही.

मी सुट्टी मागितली. मास्तरांनी विचारलं, सापासाठी? सगळी तुकडी हसली.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे. आईला सांभाळ.

तुझी ताई

१४ मार्च, संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आज दुपारी आलं. तुझी वाट बघून बुधवारी मी तिसरा उंदीर दिला होता, अगदी लहान बघून. काल नेहमीप्रमाणे तिला काट्यावर ठेवलं. आज सकाळी तो बाहेर पडलेला होता. तिसऱ्यांदा उलटी झाली तर, असं तू लिहिलं आहेस. ते वाक्य मी दोनदा वाचलं, तू सांगितलंस म्हणून.

तिला न हलवता जनावरांच्या डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. कुत्र्यामांजरांपलीकडे आपल्याला फारसं कळत नाही, असं ते सरळ म्हणाले. मग विचार करून म्हणाले, काहीच करू नका. मी विचारलं, काहीच म्हणजे नेमकं काय करू? त्यांनी पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं.

आई दुपारपासून पेटीजवळ खुर्ची टाकून बसली आहे. मी उठलो की म्हणते, बस खाली, तुझे हात तुझ्यापाशी ठेव.

आत्ता मी समोरच बसलो आहे. साडेसात वाजता बाईसाहेब आडोशातून बाहेर आल्या आणि दाराच्या काचेला तोंड लावून थांबल्या, रोज मी उचलायचो तिथेच. भूक आहे की सवय, मला कळत नाही. कडेची कातडी सैल दिसते. जीभ मधूनच बाहेर येते. दार उघडायचं नाही, हे पाठ आहे. डावा हात मांडीखाली दाबून उजव्यानं लिहितो आहे.

लोभ वाढावा असं लिहायची हिंमत होत नाही. आहे तेवढा राहू दे.

तुझा धाकटा