'नेलिदा' आणि निघून जाणारी माणसे

मी एवारिस्तो लुकेत्ती, वय एकाहत्तर, धंदा बँडोनिऑन वाजवणे व टँगो रचणे, राहणार बाराकास, ब्युनोस आयरेस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक भाची देल्फिना हिला. ती नाताळला येते, मिठाई ठेवते, बसत नाही. तरी तिलाच. दुसरे आहे कोण?

२. स्वरलिपीचे कागद कोणी मागितल्यास द्यावेत. न मागितल्यास शेगडी पेटवायला बरे आहेत.

३. माझे बँडोनिऑन, म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायची पेटी, ठिगळ लावलेल्या भात्यासह, रोहेलिओ बास्सानी यास. होय, त्यालाच.

एकाच वाद्यवृंदात आम्ही खुर्चीला खुर्ची लावून वाजवले. बायकोच्या नावाने मी 'नेलिदा' हा टँगो रचला, त्यात ठेका मध्येच थांबवला, तेव्हा हा सगळ्यांदेखत म्हणाला, "एवारिस्तो, हा टँगो आहे की जिन्यावरून गडगडलेलं कपाट?" नेलिदाही हसली. मग म्हणाली, "रागावू नकोस रे, पण पाय टाकू कुठे?" त्या टँगोवर एकदाही न नाचता ती देवाघरी गेली.

पुढे क्लबातला शनिवारचा नाच रोहेलिओच्या हाती आला. दोन फेऱ्यांच्या मध्ये आमच्याकडे 'पडदा' वाजवतात. नाचायचे नसलेले कसलेही गाणे लावले की जोड्या सुटतात, लोक आपापल्या खुर्चीत जातात. हा पठ्ठ्या पडदा म्हणून 'नेलिदा' लावतो! माझे गाणे सुरू झाले की माणसे निघून जातात, आणि तेच ऐकायला मी दर शनिवारी कोपऱ्यात बसतो. जीव जळतो. पण माझ्या घराबाहेर दुसरीकडे ते वाजतच नाही.

अट एवढीच: मी गेल्यावर एका शनिवारी त्याने 'नेलिदा' पडदा म्हणून नव्हे, नाचासाठी लावावा, शेवटपर्यंत. कोणीच नाचले नाही तर त्याने एकट्याने मधोमध उभे राहून ऐकावा. अट मोडल्यास बँडोनिऑन माझ्यासोबत पुरावे.

पुरवणी. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या, भिंतीपलीकडच्या एर्मिनियाबाई हे वाचून म्हणाल्या, "अगंबाई, 'नेलिदा' म्हणजे तुम्ही रोज सकाळी वाजवता तेच ना? त्यावर तर मी झाडू धरून नाचते!"

मी विचारले, "आणि मध्ये ठेका थांबतो तिथे?"

"तिथं काय, आपणही थांबायचं."

"बाई, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी दार उघडं ठेवलंत?"

सबब, कलम ३ मधले 'मी गेल्यावर' हे शब्द मी खोडले आहेत. खोडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे. त्या शनिवारी एर्मिनियाबाईंसाठी खुर्ची मांडू नये.

बाराकास, गुरुवार, ११ ऑगस्ट १९८३
सही: एवारिस्तो लुकेत्ती
साक्षीदार: एर्मिनिया सोल्दानो, ओनोफ्रे दाल्मासो, खाटीक