टाचांपाशी गोळा होणारी चादर

ता. २ मार्च

चि. खारूताईस अ. उ. आ.

फोनवर तू सांगतेस ते मी फोन ठेवल्याबरोबर विसरते, म्हणून पत्र. पत्र भिंतीला चिकटवता येतं.

काकांना अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले. उजवी बाजू अजून आळशीच आहे, जीभ मात्र शाबूत, त्यामुळे माझ्या चुका काढणं जोरात चालू असतं. परवा त्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना माझ्या कमरेत उसण भरली. नेमकी घरी येणारी नर्स समोर उभी. तिने स्पष्टच सांगितलं की सहा आठवड्यांनी ती पुन्हा पाहील, आणि मला एकटीला हे नीट जमलं नाही तर काकांना शुश्रूषागृहात हलवावं लागेल. खारू, बेचाळीस वर्षांत आम्ही सहसा वेगळ्या छताखाली झोपलेलो नाही. मला भीती वाटते आहे, हे फक्त तुला सांगते.

तू शाळेत मुलांना व्यायाम शिकवतेस. चाळीस वर्षं मशीनवर वाकून बसलेल्या शिंपिणीची पाठ दुरुस्त होते का? व्यायामशाळेत मी जाणार नाही. तिथल्या एवढ्या आरशांत स्वतःला बघायची माझी तयारी नाही.

लोभ आहेच, तो नेहमीसारखाच आगाऊ असू दे.

तुझी मावशी

ता. ७ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

एकटी पाठ काही उचलत नाही गं. पाठ, नितंब, मांड्यांची मागची बाजू अशी टाचेपर्यंतची सगळी फौज एकदम लागते. तुझी फौज बसून बसून झोपली आहे, तिला उठवायचं. पण आधी उसण उतरू दे, आणि दुखलं की थांब.

झाडूचा दांडा पाठीवर उभा धर. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही टेकली पाहिजेत. गुडघे जरा सैल सोड आणि बुड मागे ढकल. दोन्ही हातांत कपडे असले की आपण कपाटाचा खण बुडाने बंद करतो ना, तसं. दांडा तिन्हीकडे टेकलेला राहिला तर समज, तू कमरेतून न वाकता खुब्यातून वाकलीस. ते जमलं की हातात जड पिशवी घे.

दुसरा व्यायाम असा: उताणं झोपायचं, गुडघे मुडपायचे, टाचा दाबून कंबर वर उचलायची. पाच सेकंद तशीच धरायची, मग हळू खाली. असं दहा वेळा. दोन आठवड्यांनी हेच टाचांखाली टॉवेल घेऊन कर, कंबर वर ठेवून टाचा फरशीवरून हळूहळू लांब सरकव. रडू येईल, येऊ दे.

मला तुझी काळजी आहे, शंका मात्र नाही. माझ्या पहिल्या शर्यतीची चड्डी तू एका दुपारी चारदा उसवून शिवली होतीस. हट्ट कशाला म्हणतात ते मी तेव्हाच शिकले.

लोभ असावा, आणि पाठ सरळ असावी.

तुझी खारू

ता. २४ मार्च

चि. खारूताईस अ. उ. आ.

तुझं पत्र काकांच्या पलंगासमोर लावलं आहे, कारण जमीन मोकळी आहे ती तेवढीच. सेकंद मोजायचं काम काकांनी आपणहून घेतलं. घड्याळजीच ते. माझे पाच सेकंद त्यांच्या मते साडेतीनच भरतात! पिशवी मी जाड कापडाची, दुहेरी शिवणीची केली. आत भिंतीवरच्या जुन्या घड्याळांची पितळी वजनं घातली, चौदा किलो. ही युक्तीही त्यांचीच. काल टॉवेलचा प्रकार आठ वेळा झाला आणि मांड्या अशा भरून आल्या की जिना मी बसत बसत उतरले.

हल्ली मोजताना त्यांना धाप लागते. मी घाबरले, पण नर्सने तपासून सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं. आणि ती चादर! सकाळी ताणून खोचावी, तर दुपारी टाचांपाशी गोळा. पडून असलेला माणूस एवढी वळवळ कसली करतो कोण जाणे.

लोभ ठेव, आणि रडू येईल हे खरं सांगितलंस त्याबद्दल दोन चिमटे.

तुझी मावशी

ता. १३ एप्रिल

चि. खारीस आशीर्वाद.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नये. पत्र नर्स पेटीत टाकेल. मावशीला ठाऊक नाही.

आज परीक्षा झाली. तुझ्या मावशीने बुड मागे ढकललं, पाठ दांड्यासारखी सरळ केली, तीनपर्यंत मोजलं आणि मी खुर्चीत. मी घरीच राहणार, असं नर्सने वहीत लिहिलं. जन्मभर नाजूक यंत्रं हाताळली, पण इतकं नेटकं काम पाहिलं नव्हतं. मला त्या बाईचा फार अभिमान वाटतो.

आता गुपित. तुझं पत्र रोज माझ्यासमोर. उताणं झोपायचं, असं त्यात लिहिलेलं. उताणा तर मी चार महिने होतोच, म्हणजे निम्मा व्यायाम झालेला! ती जमिनीवर करायची तेव्हा मी पांघरुणाखाली करायचो. उजवा पाय सारखा घसरायचा. मग एक दिवस कंबर बोटभर उचलली गेली. आज तिने तीन म्हटल्यावर मीही टाचा दाबल्या. नर्सच्या ते लक्षात आलं, तिने हसू दाबलं. मावशीला सांगू नकोस. इतके आठवडे घाम तिने गाळला, यशही तिचंच राहू दे.

लोभाला वेळच्या वेळी किल्ली देत जा.

काका

ता. १३ एप्रिल

चि. खारूताईस अ. उ. आ.

पास झाले! काका घरीच राहणार. तुझे उपकार कसे फेडू?

पण खारू, कापडाचं ठाण उचलताच ते पूर्ण आहे की अर्धं, हे माझ्या हातांना कळतं. आज काका अर्धेच भरले. उरलेले अर्धे त्यांनी स्वतः उचलले होते. चादरीचा उलगडा मला तेव्हा झाला. स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले, कौतुकाने. त्यांना मात्र काही दाखवलं नाही. त्यांच्या घड्याळांच्या दुकानातही कोणी बघत उभं राहिलं की त्यांचा हात थांबायचा. मला कळलंय हे कळलं, तर आताही थांबतील. तू चकार शब्द काढू नकोस.

लोभ आहे, आता तो उचलायची ताकदही आहे.

तुझी मावशी

ता. क. पाय घसरू नये म्हणून चादरीला टाचांच्या जागी आज जाड कापडाचा चौकोन शिवला. त्यांनी विचारलं, तेव्हा चादर तिथे विरली होती असं सांगितलं.