थांबवणारं माणूस

आये, नाशिकहून हिरामण तुझ्या पाया पडतो.

लिहीन लिहीन म्हणत महिना गेला. फोनवर तुझा आवाज आला की दादाचं नाव टाळून मी पावसापाण्याचंच विचारतो, म्हणून कागदच बरा. धाकटी संध्या वाचून दाखवेल.

खाणावळीतल्या भाताला आपल्या तांदळाचा वास नाही. शेतात नागली लावून झाली का?

आता खरं सांगतो, रागावू नकोस. कॉलेजात काम मिळालं एवढंच बोललो होतो, पण ते काम पळायचंच आहे. कॉलेजातल्या ज्योत्स्नामॅडम उन्हात आणि उंच डोंगरावर पळताना अंगाचं काय होतं, ते शोधतायत. तापवलेल्या खोलीत मी मशीनवर पळतो. आधी थर्मामीटरवाली गोळी गिळायची. पोटातली गरमी फार वाढली की मॅडम मशीन बंद करतात. मी म्हणतो, “अजून दोन मिनिटं!” त्या म्हणतात, “गप उतर.”

उतरलो की रडू येतं, आये. पोलीस भरतीसाठी दादा भर उन्हात पळता पळता पडला नि गेला. त्याला ‘गप उतर’ म्हणायला कुणीच नव्हतं.

थांब, इथं कॉलेजातच लिहीत बसलोय नि दारात बा आलाय! दादा गेल्यापासून उंबरा न ओलांडलेला बा. संध्यानेच फोडलं असणार, तिला फोनवर सांगितलं होतं. माझ्याकडे बघतही नाही. मॅडमना विचारतोय, “बाई, ह्याला येळंवर थांबवता ना?”

तुझा हिरामण