बांधावरचं गवत

खांदा कॉलनी, पनवेल

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवून सांगतो.

मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या भातशेतांत उंदरांची पाहणी चालू आहे, तिथं आठ दिवस सापळे मांडतोय. बांधावरच्या गवतात सात चिचुंद्र्या सापडल्या. त्या किडे खातात. भात खाणारे उंदीर मात्र एकोणीस, सगळे पेंढ्याच्या उडवीखाली.

तू म्हणाली होतीस, "उडवी खळ्यापासून लांब रच रे, उंदीर लागतील." मी पुस्तकं वाचलेला! "तुला काय कळतं?" म्हणालो, खळ्यालगतच रचली. भाताची नासाडी झाल्यावर उंदीर त्यातच राहतात म्हणून तू राखलेलं बांधावरचं गवत जाळलं आणि कापणीच्या बायकांसमोर तुलाच बोललो.

पत्र शेजारची निशा वाचून दाखवेल. घरात नको. कापणीच्या त्याच बायका जमल्या की तिला ओट्यावर मोठ्यानं वाचायला लाव.

तुझा चुकलेला,
महादेव