नैवेद्य चाखायचा नसतो

१५ जुलै १९८४, रविवार

माझा ताप उतरला. तरी आमटी ह्यांनीच केली! "तू पडून राहा," म्हणे. चार दिवस मी पडूनच होते ना? फोडणी देताना गुणगुणत होते. फोडणी देताना गुणगुणायचं काय असतं?

समोरच्या नलिनी पेडणेकर वाटी परत द्यायला आल्या, तर त्यांना लगेच चाखायला दिली. "भावोजीनू, तुमच्या हाताक चव आसा हो!" हे लाजले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पंधरवड्यापूर्वी पाणीखात्यातून निवृत्त झालेला — कानापर्यंत लाल!

माझ्या आमटीला एकतीस वर्षांत कुणी असं म्हटलेलं आठवत नाही. "झाली का?" एवढंच विचारतात.

१९ जुलै, गुरुवार

ह्यांनी केलेली भरली वांगी. चांगली झाली होती. मी तसं बोलले नाही.

२४ जुलै, मंगळवार

ह्यांना तरुणपणी आचारी व्हायचं होतं! रत्नागिरीला चुलत्यांच्या खानावळीत रांधायला बसायचे. वडिलांनी कान धरून मॅट्रिकला बसवलं. मला सांगितलं कुणी? नलिनीबाईंनी! मी मुलुंड स्टेशनच्या बाजारातून येत होते, जिन्यात गाठलं. "वयनी, तुमका म्हायत नाय?"

बी.ए.ला इतिहास घेतला होता मी. आणि नवऱ्याचाच इतिहास शेजारणीकडून!

घरी येऊन जाब विचारला. म्हणाले, "त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. तू मला ओट्याशी उभं तरी राहू दिलंस का?"

खरं आहे. नव्या लग्नात एकदा भाजी ढवळायला आले होते. हाकलून दिलं होतं. पुरुषांची लुडबुड मला खपत नाही.

५ ऑगस्ट, रविवार

सोसायटीचा सत्यनारायण पुढच्या रविवारी. साठ पानं. आचारी न बोलावता सगळं आपणच करायचं ठरलं, आणि वालाचं बिरडं ह्यांच्याकडे! सभेत नाव सुचवलं नलिनीबाईंनीच, दुसरं कोण? हे आपले "नको, नको, मला कुठे जमतंय." डोळे मात्र चमकत होते. तळमजल्यावरचा शिवदास ओरडला, "काका, करून टाका! वाट लागली तर प्रसाद म्हणून खाऊ!" सगळे हसले.

हे माझ्याकडे बघत होते. मी चपला घातल्या आणि निघून आले.

११ ऑगस्ट, शनिवार

मोड आलेले वाल सोलायला दुपारी आमच्याकडे पाच बायका. हे मधोमध, मांडी घालून. नलिनीबाई चिमटीत वाल दाबतात आणि डाळिंबी बरोबर ह्यांच्या ताटात उडवतात. हशा! मी चहा केला. सहा कप. सातवा, माझा, केलाच नाही.

मत्सर वाटतो. लिहूनच टाकते. दुसरा शब्द नाही त्याला.

१२ ऑगस्ट, रविवार

जे केलं ते इथे तरी लिहायला हवं.

नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी काही चाखायचं नसतं. म्हणजे मीठ कमी की जास्त, ते पंगत बसेपर्यंत कळत नाही. सकाळपासून तेच डोक्यात फिरत होतं. हे सोवळं नेसायला घरी गेले. गच्चीवर मी एकटी. बिरडं रटरटत होतं. पिशवीतलं मीठ दोन मुठी टाकलं आणि ढवळलं. 

पंगत बसली. मी शिवदासच्या तोंडाकडे बघत उभी. पहिला घास — "काका, झकास!" मग सगळेच. बिरडं तीनदा फिरलं. मी चाखलं. मीठ बेताचं. अगदी बेताचं!

काही कळेना.

१३ ऑगस्ट, सोमवार

कळलं. ह्यांनी मोजून काढलेलं मीठ वाटीत तसंच होतं, पत्रावळीखाली झाकलेलं. आज भांडी आवरताना ह्यांना सापडलं. घाबरून घालायलाच विसरले होते!

मला म्हणाले, "तूच घातलंस. तिथे दुसरं कोणी नव्हतं. बोलत नाहीस, पण लक्ष होतं तुझं." डोळ्यांत पाणी. "नलिनीवहिनी चांगलं म्हणायच्या, पण मला खरं वाटत नव्हतं. तू पाठीशी आहेस ना, आता भीती नाही."

दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले. नलिनीबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "वयनी, असा कोणतरी पाठीशी होया."

मी हात सोडवून घेतले.

१८ ऑगस्ट, शनिवार

गणपतीत पाच दिवस नैवेद्य करायला शेजारच्या सोसायटीने ह्यांना बोलावलं. हो म्हणून आले — मला न विचारता! चालसुद्धा बदलली आहे. खरं सांगितलं तर पुन्हा ओट्याकडे फिरकायचे नाहीत. न सांगावं, तर जिन्यात रोज कुणीतरी माझं कौतुक करतं. ते गिळवत नाही.

२० ऑगस्ट, सोमवार

सांगितलं. बिघडावं म्हणूनच टाकलं, हेही.

हे कणीक मळत होते. बराच वेळ मळतच राहिले. वाटलं, परात आपटतील. मग मान वर न करता म्हणाले, "तुला स्वयंपाक कधी आवडलाच नाही का गं?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"नाही," म्हटलं.